नावाडीण मरते की नाही

जळगावजवळच्या असोद्यातल्या आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी नम्रपणे वगैरे सांगत नाही, सांगायला आवडतं म्हणून सांगते. पण पापड लाटण्यात मी गल्लीत शेवटची होते, आणि ही गोष्ट त्या पापडांपासून सुरू होते.

उन्हाळ्यात उडदाचे पापड आमच्याकडे एकटीदुकटी लाटत नाही. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी, असं करत गल्लीतल्या दहा-बारा जणी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जमतात. माझा पापड नकाशासारखा व्हायचा. शेजारच्या अक्कानं एकदा तो उचलून उजेडाकडे धरला आणि सगळ्यांसमोर विचारलं, हा कोणता जिल्हा. त्या दिवसापासून माझ्या हातातलं लाटणं गेलं आणि मला वाचायचं काम मिळालं.

तेव्हा मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते आणि जळगावच्या कॉलेजच्या लायब्ररीतून एक जाडजूड कादंबरी आणली होती. पाच भागांची. मराठीच, पण सगळी न पाहिलेल्या मुलखातली. आज ती कुणालाही माहीत आहे, तेव्हा आमच्या वर्गात आम्ही तिघी-चौघीच तिच्यामागे वेड्या होतो. एक मोठा तलाव आहे, त्यावर बारमाही धुकं. तलाव ओलांडणाऱ्या प्रत्येकाची एक आठवण धुक्यात राहून जाते. कुणी आईचा चेहरा विसरतो, कुणी स्वतःचं गाव. तिथे होडी चालवणारी एक म्हातारी नावाडीण आहे. तिला अक्षर येत नाही, पण सगळ्यांच्या हरवलेल्या आठवणी ती आपल्या डोक्यात सांभाळून ठेवते. आणि एक राजाची पोर आहे, जी आपली आठवण परत मागायला तिच्याकडे येते.

मी एक परिच्छेद पुस्तकातला वाचायचे आणि लगेच तोच आपल्या बोलीत सांगायचे. पहिल्या दिवशी बायका म्हणाल्या, असं कुठं असतं का. दुसऱ्या दिवशी अक्कानं जाहीर केलं की तिला सासू विसरायची आहे, होडी कुठी लागते तेवढं सांग. चौथ्या दिवसापासून पापड कुणाच्या घरी आहेत हे विचारण्याआधी बायका मला विचारायला लागल्या, पोर मोकळी आहे ना.

नावाडीण सगळ्यांची लाडकी, पण माझ्या मायची जरा जास्तच. माय तिच्याबद्दल असं बोलायची जशी ती मागच्या आळीत राहते.

तिसऱ्या भागाच्या शेवटी नावाडीण मरते. शत्रूचे सैनिक तिला होडी हाकायला लावतात. ती त्यांना तलावाच्या मधोमध नेते, वल्ह्यानं होडीचा तळ फोडते आणि सगळ्यांसकट बुडते. त्याच क्षणी मुलखातल्या सगळ्यांना आपापल्या आठवणी परत येतात. ते पान मी आदल्या दिवशी एकटीनं वाचून रडले होते. दुसऱ्या दिवशी ते मोठ्यानं वाचायची वेळ आली आणि नेमके पापड आमच्याच घरी. होडी मधोमध आली, तशी मायनं लाटणं थांबवलं आणि विचारलं, "हिले काही होत नही ना वं?"

मी पानाकडे पाहिलं. पानावर होडी फुटून झाली होती. पण ज्या बाईनं सगळ्या नातेवाइकांना तोंड देऊन मला कॉलेजात घातलं होतं, जी स्वतः अंगठा उठवत होती, ती समोर बसून विचारत होती. अख्ख्या पुस्तकात तिच्यासारखी तेवढी एकच. मी म्हटलं, "नाही माय, पोहत निघते."

मग नावाडीण पोहत निघाली. पुढचे दोन भाग मला ती पुरून उरली. दरबार असला की तिला खांबाजवळ बसवायची, लढाई असली की तंबूत, शेवटी राजाच्या पोरीचं लग्न आलं तर पंगतीत. जिथे लोक तिच्या मरणाबद्दल बोलतात ती पानंच्या पानं मी गुपचूप उलटून टाकली. कुणाला कळलं नाही. उन्हाळा संपला, पुस्तक परत गेलं.

राहिलं ते वेगळंच. त्या उन्हाळ्यापासून माय आल्यागेल्याला सांगू लागली की माझी पोर वाचते तर एक अक्षर सोडत नाही. घरातला प्रत्येक कागद माझ्या हातात येऊ लागला. शेताचा उतारा, बँकेचं पत्र, दवाखान्याचे रिपोर्ट, सोसायटीची नोटीस. आता मी धुळ्याला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे आणि दर शनिवारी पारोळा-एरंडोल करत बसनं घरी येते. घरात भाऊ वाचणारा, वहिनी बारावी झालेली, तरी कागद शनिवारपर्यंत फळीवर थांबतात. वहिनी हसून म्हणते, आमची अक्षरओळख या घरात चालत नाही. माय म्हणते, तिनं वाचलं की डोळे मिटून अंगठा उठवता येतो. अशा वेळी मला कधीकधी ती नावाडीण आठवायची. मी विषय बदलायचे.

मग त्या कादंबरीवर सिनेमा येणार असं कळलं.

धुळे-जळगावच्या आम्हा वाचकांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. साठ-सत्तर जण असू. शिक्षक आहेत, डाळमिलमधले एक मुनीम आहेत, कॉलेजची पोरं आहेत. सिनेमाची पहिली झलक आली तसे सगळे तुटून पडले. धुकं फार पांढरं आहे. राजाची पोर फार गोरी आहे. नावाडीण साठीची वाटत नाही. मुनीमभाऊंनी होडीचं लाकूड चुकलंय असा निकाल दिला. मला हे सगळं फार आवडायचं. खानदेशात बसून माणसं एका नसलेल्या तलावावरच्या होडीसाठी भांडतात, याचा मला अभिमान वाटायचा. मीही लिहिलं, आणि लांबलचक लिहिलं, की बाकी काहीही बदला, पण नावाडिणीचं मरण हे या पुस्तकातलं सर्वांत सुंदर पान आहे, त्याला हात लावाल तर पुस्तकाचा अपमान होईल. त्या मेसेजला ग्रुपवर सगळ्यांत जास्त अंगठे मिळाले.

इकडे असोद्यात मायला माझ्या भाच्यांकडून सिनेमाचं कळलं. तिनं फोन केला, की मी आणि अक्का येणार. मी पायऱ्या खूप आहेत म्हटलं, आवाज फार मोठा असतो म्हटलं, तुझा गुडघा म्हटलं. माय म्हणाली, गुडघा माझा आहे, मी बघून घेईन.

रविवारी दुपारच्या खेळाला जळगावात ग्रुपमधले तीस-चाळीस जण जमले. धुळ्याहून इंजिनीअरिंगच्या तीन मुली आल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीनं आजीचं नऊवारी नेसून, थर्माकोलचं वल्हं खांद्यावर घेऊन नावाडिणीचा वेश केला होता. रिक्षावाले थांबून तिच्याकडे बघत होते. तिनं मायच्या पाया पडून विचारलं, जमलंय का मावशी. मायनं तिच्या कासोट्याचा काठ ओढून नीट केला आणि म्हणाली, आता जमलं. असोद्याहून येताना बसमध्ये मी मायला सांगणार होते. खरंच सांगणार होते. पण अक्का मध्ये बसली होती, आणि मला तेवढं निमित्त पुरलं.

सिनेमा चांगला होता. ग्रुप काहीही म्हणो. धुकं पडद्यावर आलं तसं माय हळूच म्हणाली, हे तर आपल्या केळीच्या बागातलं पहाटेचं. नावाडिणीचं काम करणारी बाई पाण्याकडे अशी बघायची की वाटावं, तिला खरंच दुसऱ्यांचं सगळं आठवतंय. मग ते दृश्य आलं. सैनिक होडीत बसले. वाचलेल्यांना पुढचं माहीत होतं, आमच्या रांगांतली माणसं पुढे सरकून बसली. वल्हं वर गेलं, तळ फुटला, होडी खाली गेली. पाणी सपाट झालं.

आणि पलीकडच्या काठावर एक सुरकुतलेला हात वर आला. नावाडीण चिखलातून बाहेर निघाली.

अर्ध्या थिएटरनं शिट्ट्या मारल्या, आमच्या रांगांतून कण्हल्यासारखा आवाज निघाला. मायला काहीच विशेष वाटलं नाही. तिनं अक्काला कोपरानं ढोसलं, बघ, मी सांगितलं नव्हतं? मी खुर्चीत मागे टेकले. सिनेमावाल्यांनी मला वाचवलं होतं. लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगते, आधी सुटल्यासारखं वाटलं.

बाहेर पायऱ्यांवर आमचा ग्रुप पेटला होता. मुनीमभाऊ म्हणत होते, आता पुढच्या भागात तिला काय भाकरी थापायला ठेवणार का. वेश केलेल्या मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं, वल्हं तिनं भिंतीला टेकवून ठेवलं होतं. ती म्हणत होती, जिवंत ठेवून मारलं हो तिला. मायनं ते ऐकलं आणि ती गुडघा धरत दोन पायऱ्या उतरून तिच्याजवळ गेली. म्हणाली, रडू नको, पुस्तकात असंच आहे, ती पोहतच निघते.

मुलगी गोंधळली. शहरी बोलता बोलता ती घरच्या बोलीवर आली. "नही मावशी. पुस्तकमा ती मरी जास."

"तुह्या पुस्तकात मरत आसीन," माय शांतपणे म्हणाली. "माह्या पोरीनं पुरं वाचेल आहे. अक्षर सोडेल नही."

मुलीनं पिशवीतून स्वतःची प्रत काढली. पानापानांत रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या. पण तिनं ती उघडली नाही. मोठ्या बाईला खोटं पाडायचं तिच्या जिवावर आलं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, कारण तो लांबलचक मेसेज तिनंही वाचला होता. "ताई, तुम्हीच सांगा ना."

चाळीस माणसं उभी होती. मी म्हटलं, "माय, ती मरते. पुस्तकात मरते. मी वाचताना बदललं होतं."

अक्का म्हणाली, म्हणजे इतकी वर्षं आम्ही फुकटच. मायनं तिला हातानंच गप्प केलं. ती माझ्यावर ओरडली नाही, काही नाही. त्या मुलीकडे वळली आणि म्हणाली, "तू वाच."

माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मायला दुसरं कुणी वाचून दाखवत होतं आणि मी बाजूला उभी राहून ऐकत होते. मुलगी पायरीवर बसली, माय तिच्याशेजारी. आधी पुस्तकातलं वाक्य, मग अडेल तिथे अहिराणीत. ती छान वाचत होती. माझ्यापेक्षा सावकाश. होडी फुटली, नावाडीण खाली गेली, आणि मुलखातल्या एका आंधळ्या कुंभाराला अचानक बायकोचा आवाज आठवला, तिथे तिनं थांबून पुस्तक मिटलं.

मायनं मिटलेल्या पुस्तकावरून हात फिरवला. मग मला म्हणाली, "हे बराबर आहे. तुह्यातली म्हातारी मंग नुसती बसून जेवत व्हती. मले वाटे, लिहिनाऱ्याले म्हाताऱ्या बायांचं काही सुचत नही."

मुनीमभाऊ जोरात हसले आणि म्हणाले, आजपर्यंतच्या सगळ्या मेसेजांत हे एक कामाचं बोलणं झालं. मलाही हसू आलं. पण परतीच्या बसमध्ये मायनं खिडकीबाहेर बघत विचारलं, "अजून कुठी बदलेल आहे?"

मी म्हटलं, "तिथंच. आणि त्यापुढं जिथं जिथं ती आली तिथं."

"कागदात?"

"कागदात कधीच नाही, माय."

ती हं म्हणाली. त्या हं-चा अर्थ मला लागला नाही.

पुढच्या शनिवारी घरी गेले तर फळीवर कागद नव्हता. सोसायटीची नोटीस आली होती, ती वहिनीनं वाचून दाखवली होती. वहिनी माझी नजर चुकवत होती. मी धुळ्याहून लायब्ररीची प्रत आणली होती, ती मायसमोर ठेवली आणि म्हटलं, तिसऱ्या भागापासून वाचते, आहे तसं.

त्या दुपारपासून दर शनिवारी ओट्यावर बसू लागलो. माय सुरुवातीला मध्येमध्ये अडवायची. दरबार आला की विचारायची, इथी ती नही ना? नाही, म्हणायचे. मग वाच. माझ्या जिभेला सवय झाली होती, खांब आला की तोंडात म्हातारी यायची, आणि मी ती गिळायचे.

मग ती पानं आली, जी मी त्या उन्हाळ्यात उलटून टाकली होती. अख्खा मुलूख तलावाच्या काठावर जमतो. ज्यांना जे परत मिळालं ते एकेक जण उठून सांगतो. कुंभार सांगतो, सैनिकाची आई सांगते, राजाची पोर सगळ्यांत शेवटी. एका अडाणी बाईसाठी लिहिणाऱ्यानं वीस पानं दिली होती. राजा मरतो तेव्हा त्याला तीन ओळी दिल्या होत्या. तिला जिवंत ठेवायच्या नादात मी तिचा हा सगळा मान काढून घेतला होता, आणि मायपर्यंत तो पोचूच दिला नव्हता.

वाचताना मी एकही शब्द गाळला नाही. माय पदर तोंडाशी धरून ऐकत होती. संपल्यावर तिनं भिंतीपलीकडे अक्काला हाक मारली. अक्का हात पुसत आली, आता काय नवीन बदललं म्हणून टोमणा मारत आली. मायनं तिला ओट्यावर जागा करून दिली.

"बस," माय म्हणाली. "हे पुस्तकातलं आहे."

मग माझ्याकडे बघून मान हलवली, आणि मी वीस पानं मागे जाऊन पुन्हा वाचायला लागले.