मरोळचा कोळशाचा ढीग

कुठे रॉकेलसारखा वास आला की मला मरोळची ती दुपार आठवते. आमच्या घरामागे कापड रंगवण्याच्या एका कारखान्याचा दगडी कोळशाचा ढीग असायचा. त्या दुपारी ढिगातून धूर निघू लागला, रॉकेलसारख्या उग्र वासाने डोळे चुरचुरायला लागले आणि कारखान्याचा सुपरवायझर तणतणत आमच्या दारात आला. "तुमच्याच घरातून कोणीतरी विस्तव टाकलाय!" मी तोंड उघडायच्या आत सासरे पुढे झाले. "माझी बिडी होती रे. चुकलं." मुलाच्या वयाच्या माणसापुढे त्यांनी हात जोडले, अख्खी गल्ली बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरात येताच मी त्यांना म्हटलं, "बाबा, लोकांत तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीत तुम्ही." पुढच्या आठवड्यात ते गावी गेलेले असताना ढीग पुन्हा धुमसला. पाणी मारायला आलेला अग्निशमन दलाचा माणूस म्हणाला, "ताई, याला कोणी पेटवावं लागत नाही. चुऱ्याचा ढीग पडून राहिला की हवा लागून आतल्या आत तापतो आणि आपोआप पेटतो." सासरे परतल्यावर मी विचारलं, "मग तुम्ही कबूल का झालात?" चपला काढता काढता ते म्हणाले, "त्या दिवशी सकाळी तुला धुपाटण्यातली राख मागे टाकताना बघितलं होतं ना गं. वाटलं, तुझ्याच हातून झालं." राख तर कधीच विझलेली होती, पण तेवढंही मला सांगवेना. आज घरातली मोठी मीच आहे, आणि सुनेवर आवाज चढायला लागला की त्यांचे ते जोडलेले हात दिसतात आणि माझी मान खाली जाते.