बैलाच्या मानाची मोटार

माझ्या सासऱ्यांनी मोटार बनवून घेतली ती बैलाच्या सन्मानासाठी. हसू नका. निपाणीजवळच्या त्यांच्या घरात तीन पिढ्या शर्यतीचे बैल. त्यातल्या एकाने इतकी मैदानं मारली होती की आमच्या लग्नात माझ्याआधी त्याच्या गळ्यात हार पडला.

सन ऐंशीच्या सुमाराला बेळगावच्या एका गॅरेजात जुन्या मोटारीचं छप्पर कापलं गेलं. बैलासारखा पांढरा रंग, मधोमध गुलाली पट्टा, बॉनेटवर त्याच्याच शिंगांच्या टोकांवरच्या पितळी शेंब्या. सासऱ्यांनी गॅरेजवाल्याला बजावलं, "अशी एकच काढायची. दुसरी दिसली तर येऊन मोडीन."

पहिल्या फेरीला चाकावर सासरे, मी त्यांना मामा म्हणायचो, गडीमाणसं आप्पा; शेजारी बसायचा मान जावयाचा. मोटारीमागे गड्यानं दोरीनं धरलेला बैल, गुलालानं माखलेला. हलगी कडाडत होती. इंजिन सुरू झालं आणि बैलाचे कान उभे राहिले.

रोज सकाळी त्याला जीपमागे पळवायचे. जीपला मागं टाकलं की थांबायचं, मग गूळ. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्या दिवशी कुणालाच आठवलं नाही.

"आप्पा, सुटला!" गडी ओरडला.

दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये जेमतेम मोटारीपुरती वाट. माझ्या मानेवर गरम फुसकारे येऊ लागले. मागे वळून बघितलं तर एक शिंग माझ्या कॉलरपासून वीतभर लांब.

"मामा, थांबवा!"

"थांबवली तर मांडीवर येऊन बसंल की तुमच्या!" मामांना तर आनंद झालेला. "पावणं, भ्याला व्हय?"

"लई भ्यालो, मामा!"

"मग घट्ट धरा." आणि त्यांनी वेग वाढवला. बैलानंही वाढवला. मी डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. देवाचं नाव घ्यायला गेलो तर तोंडातून बायकोचं आलं.

पुढं माळ आला, मोकळा, रुंद.

"बाजूला घ्या, मामा! पुढं जाऊ द्या त्याला!"

"पहिल्याच दिवशी माझी गाडी हरू द्यू?"

"जिंकणारं जनावर पण तुमचंच हाय की!"

मामांनी क्षणभर विचार केला. तेवढ्यात मागचा पत्र्याचा कोपरा चेपल्याचा आवाज आला. मग त्यांनी चाक फिरवलं. बैल धुरळा उडवत पुढं गेला, दहा पावलांवर थांबला, वळला आणि गुळाची वाट बघत उभा राहिला.

मामा टाळ्या पिटत उतरले. मला मात्र उतरवावं लागलं.