साहेबांनी वाढवलेला करंट

सोल्डरिंगच्या धुराचा वास आला की इंदरगंजच्या पावसाच्या नोंदी ठेवणाऱ्या ऑफिसातले आमचे साहेब आठवतात आणि तोंड कडू होतं. आकडे साठवणाऱ्या टेप रेकॉर्डरमध्ये टेपवर लिहिणाऱ्या हेडमधला करंट नुसती दिशा बदलतो, त्या बदलाचीच टेपवर खूण उमटते. करंट जास्त झाला की शेजारच्या खुणा एकमेकींत मिसळतात. साहेबांना तो रेकॉर्डर म्हणजे करंट वाढवला की जोरात बोलणारा लाऊडस्पीकर वाटला. "अरे बढ़ाओ ना, पक्कं लिहिलं जाईल," म्हणत त्यांनी करंटचा स्क्रू पिळला. पुढे त्या वाढीव करंटवर टेपवर उतरवलेले पावसाचे जुने आकडे वाचता येईनात, आणि मूळ कागद तर त्यांनी केव्हाच रद्दीत घातलेले. "टेपच घटिया आहे," म्हणाले. गाढव! अजूनही मी त्यांना शिव्या देतो. फक्त सगळं ठाऊक असून "जी, साहेब" म्हणत स्क्रू पिळायचा पेचकस मीच पुढे केला होता, हे कुणाला सांगत नाही.