शिवमूर्तीअप्पांचे बूट

पडदा वर जातो तेव्हा समोर उदगीरचं मैदान. लातूर जिल्हा नवा झालेला, पाऊस मात्र जुन्या जिल्ह्यातच राहिलेला. जमिनीला भेगा इतक्या, की चेंडू कमी आणि पाय जास्त अडकत. त्यामुळं कुणाच्या दुखापतीवर कुणी शंका घेत नसे.

कापडदुकानदार शिवमूर्तीअप्पा म्हणजे फुटबॉल क्लबचे संस्थापक, निवडसमिती आणि सेंटर फॉरवर्ड, तिन्ही एकटेच. वय सत्तेचाळीस. दुकानाच्या फळ्यावर ते खडूनं अकरा नावं लिहीत, पहिलं स्वतःचं. क्लब सलग सहा सामने हरला होता. सातवाही हरला, तर जिल्हा स्पर्धेतून बाहेर.

सातव्या सामन्याच्या सकाळी पाच चांगले खेळाडू लंगडत दुकानात आले, पायांना आंबेहळदीचे लेप लावून. अप्पांनी गोलकीपर मारोतीला चालून दाखवायला सांगितलं.

"लेप उजव्या पायाला, अन् लंगडून राहिलास डाव्यानं?"

मारोतीनं मान खाली घातली. "अप्पा, तुम्ही बॉल सोडत न्हाई अन् पळतबी न्हाई. तुमचं नाव पुसलं की आमचे पाय बरे होतेत."

गल्ल्यामागं बायको सिद्धम्मा तोंडाला पदर लावून हसत होती. अप्पा फळ्याकडं गेले. मग धोतराच्या सोग्यानं त्यांनी स्वतःचं नाव पुसलं.

क्लब एक-शून्यानं जिंकला. पोरं अप्पांना उचलायला धावली, तर ते रेषेबाहेर बुटांच्या नाड्या आवळून बसलेले.

"पुढच्या खेपेला खरंच कुणाचा पाय मुरगळला तर लाजू नका," अप्पा म्हणाले. "मी बूट काढलेले न्हाईत."