दार ठोठावल्याशिवाय

स्टुटगार्टला आमच्या वरच्या मजल्यावर घानाची एक मुलगी आणि तिचा मित्र तीन वर्षं एकत्र राहत होते. लग्न नाही. ती नर्स, तो तिच्याच देशातला, गाड्यांच्या कारखान्यात. मला काही त्यात वावगं वाटत नव्हतं बरं का. दुसऱ्यांच्या मुलींच्या बाबतीत मी फार पुढारलेली आहे.

एक दिवस ती रडवेली होऊन खाली आली. "आंटी, आई येतेय. तिला वाटतं, मी एका भल्या भारतीय कुटुंबात खोली घेऊन राहते."

"कोणत्या कुटुंबात गं?"

"तुमच्या."

घ्या! तीन वर्षं मी पोर सांभाळत होते आणि मलाच पत्ता नाही. वडील नव्हते तिला. आईला कळलं तर ती लग्नाला उभी राहणार नाही, आणि आईशिवाय मी लग्न करणार नाही, म्हणाली.

आमचे हे म्हणाले, "तू यात पडू नकोस." म्हणजे मी पडणारच. तिचे कपडे आमच्या कपाटात लावले, बायबल उशाशी ठेवलं. मित्राला बजावलं, जिन्यात भेटलास तर ओळख दाखवायची नाही. तो बिचारा तिला इतक्या गंभीरपणे "गुटन टाग" म्हणायचा की मलाच हसू यायचं.

आई आली. उंच, भारदस्त बाई. तीन दिवस छान गेले. चौथ्या दिवशी तळमजल्यावरच्या जर्मन आजी दारात. आमच्याकडे जिना झाडायची आठवड्याची पाळी असते, केअरवोखे म्हणतात, आणि पाळी चुकवणाऱ्याला या आजींनी आजवर माफ केलेलं नाही. मुलीला बघून त्यांचा जो पट्टा सुटला! आईला जर्मन कळेना. मी म्हटलं, "हवेबद्दल बोलताहेत."

तेवढ्यात आरडाओरडा ऐकून तो मुलगा वरून धावत आला आणि त्यांच्या भाषेत त्या पोरीला म्हणाला काहीतरी. मागाहून कळलं ते असं: "अगं, आपली बादली कुठे ठेवलीस?"

आई खुर्चीत बसली. मी सारवासारव केली, "अहो, मुलगा फार चांगला आहे. आता आफ्रिकेत हे चालत नसेल, पण इथे..."

"आफ्रिका म्हणजे काय एक गाव आहे का, मॅडम? माझी बहीण दोन मुलं झाल्यावर चर्चमध्ये लग्नाला उभी राहिली. एकत्र राहण्याचं मला काय सांगता! याच्या घरच्या कुणी मुलगी मागायला येऊन आमचं दार ठोठावलं का, ते सांगा. तोवर हा जावई नाही, चोर आहे." मग मुलीकडे वळून, "शनिवारपर्यंत आले तर ठीक. नाहीतर लग्नाला मी नाही."

आम्ही लपवत होतो भलतंच आणि राहिलं होतं भलतंच.

शनिवारी मुलाचे काका-काकू ड्रेस्डेनहून सकाळच्या गाडीने आले, श्नाप्सच्या, म्हणजे कडक दारूच्या, दोन बाटल्या घेऊन. मुलीचं घर म्हणजे आमचं, तेव्हा दार आमचंच. बेल असून ठोठावलं. मी उठले तर आई म्हणाली, "लगेच उघडायचं नाही, मॅडम. मुलगी काय वाटेवर पडलीय?"

मुलीकडून बोलायला वडीलधारा पुरुष हवा, म्हणून आमच्या ह्यांना बसवलं. तेच, यात पडू नकोस म्हणणारे. काका म्हणाले, "तुमच्या बागेत आम्ही एक फूल पाहिलं."

"बाग नाही हो आमच्याकडे," हे प्रामाणिकपणे म्हणाले, "बाल्कनी आहे."

सगळे हसले, आई सोडून. बाटल्या घेतल्या म्हणजे मागणी मान्य. तिने मुलीला तीनदा विचारलं, "या बाटल्या मी घेऊ का?" दोनदा पोरगी ठामपणे हो म्हणाली. तिसऱ्यांदा नुसती मान हलवली. आईने तिची हनुवटी वर केली. "तोंडाने सांग. उद्या म्हणशील, आईने ढकललं."

"हो," ती म्हणाली. आईने बाटल्या घेतल्या.

पाहुणे गेल्यावर मी अवघडूनच विचारलं, "मग आता हिचे कपडे वर नेऊ का?"

"न्या की," आई म्हणाली, "आणि माझी बॅगही. जावयाकडे राहीन म्हणते. तुमचं जेवण चांगलं आहे हो, पण फार अळणी."

आणि निघाली जिना चढायला. जावयाच्या घरी राहायला! मी मात्र खाली उभी, लाजेने लाल.