मिस ओडेसांच्या आजोबांचं नाव

घरचा अर्धा रस्ता संपला तरी मिस ओडेसा बोलल्या नव्हत्या. अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या त्या सरळ फुटपाथवर काठीचा आवाज तेवढा. शेजारच्या नीलाने दोनदा विचारलं, "बसू या का?" त्या चालतच राहिल्या.

कार्यक्रम सुरू होण्याआधीच त्या हॉलमधून निघून आल्या होत्या. तिथे आज त्यांच्या आजोबांची रचना गायची होती. सायलस व्हिटफील्ड. कृष्णवर्णीय हमाल; आठवडाभर हॉटेलात सामान उचलायचे, रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. १९११ साली पदरमोड करून त्यांनी ती चाल छापून घेतली. पुढे एका गोऱ्या संगीतकाराने ती आपल्या वाद्यवृंदात घेतली आणि खाली लिहिलं, लोकांकडून मिळालेली चाल. त्याच्यावरून आणखी चौघांनी उचलली. अमेरिकेचं खास संगीत म्हणून ती गाजली.

आजच्या कार्यक्रमपत्रिकेतही 'पारंपरिक' एवढंच होतं. ओडेसांनी पर्समधून १९११चा पिवळा कागद काढून दाखवला. टेबलामागची मुलगी गोड हसली. "आदरापोटीच तसं लिहितो, मॅम. आणि आता छापून झालंय." नीला शेजारीच उभी होती. बोलली काही नाही.

आता तिला राहवेना. "आमच्या भजनांच्या चालीही पारंपरिकच असतात. त्यात कमीपणा नाही हो."

ओडेसा थांबल्या. "आणि शब्द? ते कुणाचे, माहीत असतं?"

"ते... हो. रचणाऱ्याचं नाव शेवटच्या ओळीत असतं."

"मोठे लोक असतील."

"छे. शिंपी, माळी, दुसऱ्याच्या घरी दळणारी बाई."

"बघ! तुमच्या शिंप्याचं नाव टिकलं. माझे आजोबा मात्र 'लोक'."

नीलाने जीभ चावली. देवापुढे हजारदा ती नावं तिच्या तोंडून गेली होती. ती तिथे का घातली असतील, हे कधी मनातही आलं नव्हतं.

"आणि मी तरी काय मोठं केलं?" ओडेसा कोरडं हसल्या. "एकतीस वर्षं शाळेत संगीत शिकवलं. पुस्तकात हीच चाल. मुलं विचारायची, मिस, ही कुणाची? मी म्हणायचे, पुस्तकात दिलंय तेच. मुख्याध्यापकांनी बजावलं होतं, घरचं कौतुक घरी. मला नोकरी हवी होती."

घराच्या पायरीशी त्यांनी पिवळा कागद नीलाच्या हातात ठेवला.

"माझ्या अंत्यविधीला चर्चमध्ये हीच चाल वाजवतील. तेव्हाही पत्रिका छापतील. ती छापायला जाण्याआधी तू बघायचीस. चष्मा लावून."

"असं अभद्र नका ना बोलू."

"आज तू बोलली नाहीस, नीला. तेव्हा बोल."