आईच्या जागी बसलेलं इंधन

विमानतळावर नोकरी आहे म्हटलं की लोकांना वाटतं, मी हवेतच असते. अहो कसलं काय! मी वजनांचा हिशेब करते. हैदराबादहून रोज दुपारी पंख्याचं छोटं विमान नाशिकला येतं आणि थोड्या वेळात परत जातं. माणसं, बॅगा आणि इंधन मिळून त्यात किती भार चालेल, ते मी ठरवते. उन्हाळ्यात हा हिशेब फार आखडतो. तापलेल्या हवेत विमान चटकन वर उचललं जात नाही, म्हणून वजन कमी ठेवावं लागतं.

त्यात आमच्या कंपनीचं एक खूळ. तिकडे इंधन स्वस्त, इकडे महाग, म्हणून इकडे थेंबही घ्यावा लागू नये, अशा बेताने शक्यतो येतानाच टाकी गच्च भरून आणायची, परतीला लागतं त्याहून बरंच जास्त. आता गंमत बघा, जास्तीचं इंधन वाहून आणायलाच थोडं इंधन जळतं! तरी कंपनीचा फायदा होतो म्हणे. कोणत्या कॅप्टनने किती वाचवलं, याचा तक्ता दर महिन्याला लागतो. भरून आणायचं की नाही, हे मात्र शेवटी कॅप्टनच्या हातात.

आमचा कॅप्टन म्हणजे घरातलाच माणूस. इंदिरानगरला आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. त्याची आई नोकरीला जायची, त्यामुळे शाळेतून आला की आमच्याकडेच जेवायचा. आई त्याला माझ्याआधी वाढायची आणि मी चिडायचे. ही नोकरीही त्यानेच शब्द टाकून मिळवून दिली. मी त्याला दादा म्हणायचे, आणि मनापासून म्हणायचे.

माझी धाकटी बहीण हैदराबादला असते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही सांगितलं. नवरा जहाजावर, सासू अंथरुणाला खिळलेली. ऑपरेशनची सकाळ ठरली आणि बहीण फोनवर रडायला लागली, "आई, तू असशील ना गं? मला आत नेताना तू पाहिजेस." आई म्हणाली, "असणार म्हणजे असणारच."

मी साधं तिकीट काढायला निघाले, तर दादाच म्हणाला, "वेडी आहेस का? स्वस्तातलं स्टाफ तिकीट काढ. माझंच विमान आहे, काकूंना मी नेतो." वजन जास्त झालं तर स्टाफ तिकिटवाल्याला आधी उतरवतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण दादा होता ना! ऑपरेशनच्या आदल्या दुपारचं विमान होतं; त्या दिवशी सकाळी मी त्याला फोनही केला. "दादा, विमान गच्च भरलंय, ऊन मरणाचं आहे. टाकी भरून आणू नकोस हं, इथेच लागेल तेवढंच घे. आई आहे." तो हसला. "अगं, हे मला सांगायला हवं का?"

विमान उतरलं आणि मी टाकीचा आकडा बघितला. परतीला लागतं त्याहून कितीतरी जास्त इंधन आत होतं, आईच्या वजनाहूनही जास्त. उपसून काढायचं तर विमान तासन्‌तास अडकणार. मी धावत कॉकपिटमध्ये गेले. "दादा, हे काय केलंस?"

त्याने मान वर केली नाही. "महिना संपतोय गं. चेकरच्या बढतीसाठी माझं नाव वर गेलंय, तक्ता बघतात ते."

"आणि आई?"

"स्टाफ तिकीट आहे ना? नियम तुला माहीत आहे. उद्या नेतो की त्यांना."

उद्या! सकाळी ऑपरेशन, उद्या दुपारी नेऊन काय करायचं होतं? मला त्याच्या अंगावर ओरडायचं होतं, पण मी खाली उतरले. आईचं नाव माझ्याच हाताने काढलं. ती डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. मी सांगितल्यावर तिने आधी स्वतःकडेच पाहिलं आणि हळूच विचारलं, "माझं वजन जास्त झालं का गं?" मग मात्र मला रडू आवरेना. खरं काय ते मी तिला तिथेच सांगून टाकलं. दादा बाहेर आलाच नाही. ज्या बाईच्या हातचं जेवून मोठा झाला, तिला तोंड दाखवायलासुद्धा आला नाही.

संध्याकाळी नाशिकच्याच द्वारका चौकातून तिला हैदराबादच्या बसमध्ये बसवलं. ती पोहोचली तोवर दुपार झाली होती. बहिणीला एकटीलाच आत नेलं होतं. माझी भाची सगळ्यांत आधी घेतली ती शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या सासूने. का नाही आलीस, असं बहिणीने विचारलं तेव्हा आईने सांगितलं, "विमान बघितलं आणि घाबरले गं. परत फिरले."

मी फोनवर भांडले. "खोटं कशाला बोललीस? त्याला का वाचवतेस?"

"त्याला नाही, तुला वाचवतेय. तुझी नोकरी त्याच्या शब्दावर आहे. तुझ्या बहिणीच्या पोटात काही राहत नाही, लगेच त्याला फोन करून भांडेल. तू गप्प बस."

मी गप्प बसले. दादा चेकर झाला, बाकीच्या कॅप्टनांची परीक्षा घेणारा. पुढे बहीण बाळाला घेऊन नाशिकला आली आणि आमच्याकडे बारसं झालं. वरच्या मजल्यावर दादाच्या घरी बोलावणं होतंच, तोही आला. जिलबीवर ताव मारत होता. बहीण सगळ्यांदेखत म्हणाली, "आमच्या आईला विचारा. ऐनवेळी विमानतळावरून पळाली, मी तिकडे एकटी!" बायका हसल्या. बहीण हसत नव्हती.

मी त्याच्याकडे बघत राहिले. निदान आता तरी बोलेल, असं वाटलं. त्याने बोटं चाटली आणि म्हणाला, "काय काकू! एवढं काय घाबरायचं? मी होतो ना!"

आई म्हणाली, "हो रे. चुकलंच माझं."

बहीण बाळाला उचलून आतल्या खोलीत निघून गेली.